आठव्या दिवसाचा करार

ठाणे येथे वकिली करणारे माझे एक स्नेही बेने इस्राएल समाजाचे आहेत. त्यांच्या घरी नातू झाला आणि येत्या बुधवारी सकाळी सुंतेचा विधी आहे, अवश्य यावे, असे त्यांचे अगत्याचे बोलावणे आले. मुंबईस माझे एक काम निघालेच होते. बेळगावहून निघून मंगळवारी संध्याकाळी पोचलो, तो निरोप वाट पाहत होता: बाळाला कावीळ दिसते आहे, उद्याचा कार्यक्रम तूर्त रहित. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पाहुण्यांसाठी आणलेल्या खुर्च्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. स्नेह्यांच्या वयोवृद्ध मातोश्री खिन्न होऊन बसल्या होत्या. "आमच्या घराण्यात आठवा दिवस कधी टळला नाही हो," असे त्या मला म्हणाल्या. आणि आतल्या खोलीत बाळंतीण, जणू आपल्याच हातून काही अपराध घडला आहे अशी, रडत होती. त्यावर स्नेही शांतपणे म्हणाले, "आई, नेम मोडलेला नाही. नेमच असा आहे."

वकिलाच्या कानात हे वाक्य घर करून राहिले. एरवी नेम आणि अपवाद या दोन गोष्टी आपण वेगळ्या धरतो. नेम शास्त्राचा आणि अपवाद माणसाच्या दुबळेपणाचा, अशी आपली समजूत असते. येथे तर अपवाद हाच नेमाचा भाग आहे असे सांगितले जात होते. पुढे काही महिने सवडीने मी या विधीच्या इतिहासात शिरलो, तो या एका वाक्याच्या मागोव्याने.

सुंता म्हणताच आपल्याकडे मुसलमान समाज डोळ्यांपुढे येतो. परंतु यहुदी लोकांचा हा आचार इस्लामच्या उदयापूर्वी कित्येक शतकांचा आहे. बायबलातील उत्पत्ती या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात त्याचे मूळ सांगितले आहे. देवाने अब्राहामाशी करार केला आणि त्याची खूण म्हणून त्याने व त्याच्या घरातील प्रत्येक पुरुषाने सुंता करावी अशी आज्ञा दिली. त्या वेळी अब्राहाम ९९ वर्षांचा आणि त्याचा मुलगा इश्माएल १३ वर्षांचा होता. पुढे जन्मणाऱ्या मुलांसाठी मात्र आठवा दिवस ठरला, आणि त्याप्रमाणे पहिली सुंता झाली ती इसहाकाची. या विधीचे हिब्रू नाव 'ब्रित मिला'. त्यातील 'ब्रित' म्हणजे करार. आठ दिवसांच्या मुलाला करार कसा करता येईल, हा प्रश्न कोणाही वकिलाला पडेल. परंतु तो करार मुलाने करावयाचा नसतो, तो पिढीने पुढच्या पिढीच्या वतीने करावयाचा असतो.

आठवा दिवस मोजण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. आपला दिवस सूर्योदयाला उजाडतो. यहुदी दिवस सूर्यास्ताला लागतो. जन्माचा दिवस हा पहिला दिवस. त्यामुळे बुधवारी सूर्यास्तापूर्वी जन्मलेल्या मुलाची सुंता पुढच्या बुधवारी; तोच सूर्यास्तानंतर जन्मला तर गुरुवारी. ती सूर्य वर असतानाच व्हावयास हवी, आणि शक्यतो सकाळी, कारण सत्कर्मास विलंब नको. शनिवारचा शब्बाथ म्हणजे कडक विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी अग्नी पेटवीत नाहीत, लिहीत नाहीत, व्यापार करीत नाहीत. तरीही आठवा दिवस शब्बाथला आला तर सुंता शब्बाथला होते. वर्षातील सर्वांत पवित्र उपवासाचा दिवस, योम किप्पूर, तोही तिला अडवू शकत नाही. मुहूर्ताच्या घटिका-पळांसाठी धावपळ करणाऱ्या आपल्या समाजालाही हा काटेकोरपणा परिचयाचा वाटेल.

आणि ज्याच्यापुढे शब्बाथ वाकतो, तो आठवा दिवस बाळाच्या तापापुढे मात्र वाकतो.

येथे आपण तालमूद या यहुदी धर्मशास्त्रग्रंथाकडे वळू. त्यात बाबिलोनच्या नाथान नावाच्या पंडिताची एक हकिगत आहे. समुद्रकाठच्या गावी एक स्त्री त्याच्याकडे आली. तिची दोन मुले सुंतेनंतर दगावली होती आणि तिसरे तिच्या मांडीवर होते. नाथानाने पाहिले, तो मूल लालबुंद. रक्त अद्याप अंगात मुरलेले नाही, ते मुरेपर्यंत थांब, असे त्याने सांगितले. ती थांबली, नंतर सुंता झाली आणि मूल जगले. कप्पदोकिया प्रांतात अशीच दुसरी एक स्त्री आली. तिचे मूल फिकट, हिरवट-पिवळे होते. अंगात रक्त भरेपर्यंत थांब, असे त्याने तिलाही सांगितले. तेही मूल जगले. दोन्ही मुलांना कृतज्ञतेने 'नाथान' हेच नाव देण्यात आले. रक्ताविषयीची ती उपपत्ती आजचा डॉक्टर मान्य करणार नाही. पण पिवळ्या मुलाला हात लावू नका हा निर्णय तो आजही देईल.

याहून मोलाची हकिगत चार बहिणींची आहे. सेप्फोरिस या गावी पहिल्या बहिणीने मुलाची सुंता केली, तो गेला; दुसरीचा गेला; तिसरीचाही गेला. चौथी बहीण शिमोन बेन गमलिएल या धर्माधिकाऱ्यापुढे आली. त्याने सांगितले, तू करू नकोस. दोन मृत्यूंनंतर थांबावयाचे की तीन, याविषयी पंडितांत मतभेद झाला. पण थांबलेच पाहिजे याविषयी झाला नाही. लक्षात घ्या, मुले चार वेगवेगळ्या बापांची होती आणि नाते आयांचे होते. रक्त न गोठण्याचा विकार, ज्याला हिमोफिलिया म्हणतात, तो आईच्या वाटेने मुलांत उतरतो. वैद्यकात त्याचे नीट वर्णन फिलाडेल्फियाच्या ऑटो या डॉक्टराने केले ते १८०३ साली. धर्मशास्त्राच्या निवाड्यात मात्र त्याची नोंद सुमारे दीड हजार वर्षे आधीच पडून होती, आणि तिला कारण झाली होती ती चार बायकांची दुःखे.

बाराव्या शतकात मायमोनिडिस याने हा सर्व नियम एकत्र बांधला. तो धर्मशास्त्री होता आणि कैरोच्या दरबारचा वैद्यही होता. एका आईची मुले याप्रमाणे गेली असतील तर पुढच्या मुलाची सुंता ते मोठे व सशक्त होईपर्यंत करू नये, मग ते मूल पहिल्या पतीचे असो वा दुसऱ्या, असा त्याने निर्णय दिला. ज्वर किंवा सर्वांगाला व्यापणारे दुखणे असेल तर बरे झाल्यावर आणखी सात पूर्ण दिवस मोजावे. एखादाच अवयव दुखत असेल तर तो बरा होताच करावी. या सर्वांमागचे त्याचे कारण सरळ आहे: राहून गेलेली सुंता पुढे करता येते, गेलेला जीव परत आणता येत नाही. कायद्याच्या भाषेत हे परंतुक झाले. आपल्या धर्मशास्त्रातही आपद्धर्म आहे. पण तो बहुधा आपत्ती आल्यावर आठवतो. येथे तो मूळ कलमाला शिवलेला आहे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. सुंता झाल्याने मूल यहुदी होते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. परंपरागत यहुदी कायद्याप्रमाणे यहुदी आईच्या पोटी जन्मलेले मूल जन्मतःच यहुदी असते. सुंता न झालेलाही यहुदीच राहतो. म्हणून दिवस लांबला तर मूल समाजाबाहेर राहिले, अशी भीती आईबापांनी बाळगण्याचे कारण नाही. कर्तव्य मुळात बापाचे आहे. त्याने केले नाही तर ते धर्मसभेवर येते, आणि तिनेही केले नाही तर वयात आलेल्या मुलावर. बापाला शस्त्र चालविता येत नाही, म्हणून तो 'मोहेल' नेमतो. मोहेल हा बापाचा मुखत्यार. मुखत्याराच्या हातून झालेले काम ज्याने नेमले त्याचे धरले जाते. तेव्हा मुखत्यार निवडण्याची जबाबदारीही त्याचीच, हे उघड आहे.

या विधीवर राजसत्तेचे घाव वारंवार पडले. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास सीरियाच्या ग्रीक राजाने, चौथ्या अँटायोकसने, सुंता हा देहांताचा अपराध ठरविला. ज्या आयांनी मुलांची सुंता करविली त्यांना मुलांसकट मारले. त्यातून मक्काबींचे बंड उठले. रोमन बादशहा हाद्रियन याच्या काळी पुन्हा बंदी आली. त्याच्यामागून गादीवर आलेल्या अंतोनिनस पायस याने मात्र यहुद्यांना आपल्या मुलांची सुंता करण्याची मोकळीक दिली. इतरांची केल्यास शिक्षा ठेवली. रोमन कायद्याच्या संग्रहात तो आदेश आजही वाचावयास मिळतो. बंदीने जे साधले नाही त्याला मर्यादा घालून जागा देणे, हा शहाणपणा इतिहासात पुनःपुन्हा शिकावा लागलेला दिसतो.

गोव्याच्या वाचकांस यातील एक प्रकरण परके वाटणार नाही. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने आपल्या राज्यातील यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. या 'नव्या ख्रिस्त्यां'नी घरात गुप्तपणे जुना धर्म जपला. परंतु सुंता बहुतेकांना सोडावी लागली, कारण प्रार्थना ओठांत लपविता येते, शब्बाथचा दिवा माठात लपविता येतो, पण अंगावरची खूण हा इन्क्विझिशनच्या हाती आयता पुरावा होता. त्यांच्यातलाच एक गार्सिया द ओर्ता. हा वैद्य १५३४ साली गोव्यास आला आणि येथील वनौषधींवरील त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो १५६८ मध्ये निधन पावला. १५६० पासून गोव्यात बसलेल्या इन्क्विझिशनने पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून तीही जाळली. ज्या न्यायासनाच्या भयाने आपल्या पूर्वजांनी देव पालखीत घालून नदीपार अंत्रुजात नेले, तेच हे न्यायासन.

पोर्तुगालातून निसटून अ‍ॅमस्टरडॅमला पोचलेल्या कुटुंबांतील प्रौढ पुरुषांनी तेथे मोकळ्या हवेत प्रथम केले ते हे, की वयाची तिशी-चाळिशी उलटल्यावरही आपली सुंता करवून घेतली. तशाच एका कुटुंबात जन्मलेला तत्त्वज्ञ स्पिनोझा पुढे त्या समाजातून बहिष्कृत झाला. धर्माविषयी कठोर लिहिणाऱ्या या माणसानेही १६७० च्या आपल्या ग्रंथात मान्य केले आहे की, ही एकच खूण या राष्ट्राला टिकवून धरण्यास समर्थ आहे.

त्याच सुमारास आपल्या कोकणात काय चालले होते? चौल-रेवदंड्यास १७४० पर्यंत पोर्तुगिजांचे ठाणे होते. तेथून जवळच, अलिबागच्या परिसरातील खेड्यांतून, तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्राएल राहत होते. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली. मराठी ही मातृभाषा झाली, दिवेकर, रोहेकर, पेणकर, केहिमकर ही गावांवरून आडनावे झाली. पुढे दावीद रहाबी नावाचा परदेशी यहुदी त्यांना भेटला. हा काळ फार जुना की अठराव्या शतकातला, याविषयी परंपरा आणि संशोधक यांचे एकमत नाही. त्याला त्यांच्याजवळ काय आढळले? शनिवारची विश्रांती, खवले-पर नसलेला मासा न खाण्याचा नेम, 'शेमा' या प्रार्थनेचे शब्द, आणि आठव्या दिवसाची सुंता. पंचांग नव्हते, पोथी नव्हती, शास्त्री नव्हता. पण बाळाचे दिवस बोटांवर मोजणारी आजी घरोघर होती.

येथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत, म्हणजे त्यांची ओळख बंद घाण्यावरून पटे. सुंता तर शेजारचे मुसलमानही करीत. तिने त्यांना गावात वेगळे दाखविले नसते. ती खूण गावासाठी नव्हतीच, ती आपली आपल्यासाठी होती. या समाजाचा इतिहास हाइम शमुवेल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिला आणि तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. एकोणिसाव्या शतकात याच समाजाने बायबलातील कथांवर मराठी कीर्तने रचिली, हे आपल्या देवळांत कीर्तन ऐकणाऱ्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते. पुढे बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथे १९६२ च्या सुमारास तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाह-घटस्फोटांच्या परंपरेविषयी शंका काढल्या. मोठे आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. शतकानुशतके ज्यांनी पोथीवाचून दिवस मोजले त्यांच्याकडे कागद मागितले गेले, हे वाचताना मला वकील असूनही संकोच वाटला.

परंतु केवळ अभिमानाने ही हकिगत संपत नाही. जुन्या नेमातील प्रत्येक गोष्ट निर्दोष होती असेही नव्हे. सुंतेनंतर जखमेतील रक्त तोंडाने शोषून घेण्याचा एक आचार मिश्नाच्या काळापासून होता. जखम स्वच्छ राहावी हा त्याचा हेतू. त्याच वाटेने मोहेलाचा रोग बाळाला लागू शकतो, हे एकोणिसाव्या शतकात कळू लागले. १८३७ मध्ये व्हिएन्नाच्या धर्मगुरूने प्रश्न विचारला तेव्हा मोशे सोफर या, नव्या चालीरीतींचा कट्टर विरोधक म्हणून प्रसिद्ध असलेल्या, पंडिताने तोंडाऐवजी स्पंज वापरण्यास मोकळीक दिली. नंतर काचेची नळी आली. काही कर्मठ मंडळींत मात्र जुनी रीत अद्याप चालते. न्यूयॉर्क शहरात २००० ते २०११ या काळात या मार्गाने हर्पीसचा संसर्ग झालेली ११ बालके नोंदली गेली. त्यांतील दोन दगावली. माझ्या मते या एका मुद्द्यावर आईबापांनी भिडेस पडू नये. आमच्या मुलाला तोंड लावावयाचे नाही, असे मोहेलास आधीच स्पष्ट सांगावे. शास्त्राचा आधार त्यांच्या बाजूला आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्याला रस वाटेल असे अलीकडचे प्रकरण जर्मनीतले आहे. एका मुसलमान दांपत्याच्या चार वर्षांच्या मुलाची सुंता डॉक्टराने केली. पुढे रक्तस्राव झाला आणि खटला उभा राहिला. ७ मे २०१२ रोजी कोलोन येथील न्यायालयाने ठरविले की, अशी सुंता ही शारीरिक इजा होय आणि आईबापांची संमती तिला पुरेशी नाही. डॉक्टर निर्दोष सुटला, कारण त्या वेळी कायदा अस्पष्ट होता. पण त्या देशात, आणि त्या देशाचा इतिहास लक्षात घेता, यहुदी समाजात केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करावी. १२ डिसेंबर २०१२ रोजी तेथील संसदेने ४३४ विरुद्ध १०० मतांनी नवे कलम मंजूर केले. आईबापांस परवानगी मिळाली, पण शस्त्रक्रिया वैद्यकाच्या नियमांप्रमाणे व्हावी, मुलाचे हित धोक्यात येऊ नये, आणि पहिल्या सहा महिन्यांत डॉक्टर नसलेल्या माणसाने ती केली तर तो धर्मसंस्थेने नेमलेला व डॉक्टराच्या तोडीचे शिक्षण घेतलेला असावा. मुलाच्या शरीरावर मुलाचाच हक्क, हा न्यायालयाचा विचार उडवून लावण्यासारखा नाही. तो पुन्हा पुढे येईल. पण अंतोनिनसाने जे केले तेच संसदेने केले, आणि मला ते योग्य वाटते.

त्या बुधवारी स्नेह्यांच्या सुनेने आतून विचारविले होते, की आम्ही नेमके काय पाहावयाचे? तिचे सासरे धर्म जाणत होते. वैद्यकाचे उत्तर त्यांच्या डॉक्टर भाच्याने दिले, आणि मी ते टिपून घेतले. आईच्या माहेरी कोणा पुरुषाला रक्त न थांबण्याचा विकार होता काय, हे सर्वांत आधी विचारावे. जन्मतः जीवनसत्त्व 'के'चे इंजेक्शन दिले आहे ना, याची खात्री करावी, कारण त्यावाचून पहिल्या आठवड्यात रक्त नीट गोठत नाही. (आठव्याच दिवशी रक्त सर्वांत चांगले गोठते म्हणून हा दिवस ठरला, असे हौशीने सांगणारे पुष्कळ भेटतात, प्रत्येक आचारात विज्ञान शोधण्याची ही खोड आपल्याकडेही आहे, आणि तिच्यावर विसंबून इंजेक्शन टाळणे हा शुद्ध अविचार होय.) मूल अपुऱ्या दिवसांचे वा फार कमी वजनाचे असेल तर थांबावे. लघवीचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूस असेल तर सुंता मुळीच करू नये. तो दोष दुरुस्त करताना तीच कातडी लागते. मोहेल कोठे शिकला, हत्यारे निर्जंतुक करतो काय, वेदना कमी करण्यासाठी बधिर करण्याची सोय आहे काय, हे विचारण्यात अनादर नाही. विधीनंतर लंगोट वरचेवर पाहावा. रक्त थांबत नसेल, बारा तासांत लघवी झाली नसेल, ताप आला वा मूल दूध घेईनासे झाले, तर मोहेलाची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

शनिवारी डॉक्टरांनी कावीळ उतरल्याचे सांगितले. तेथून सात पूर्ण दिवस मोजले, तो पुन्हा शनिवार आला. लांबणीवर पडलेली सुंता शब्बाथच्या दिवशी करीत नाहीत; शब्बाथला बाजूस सारण्याचा मान फक्त आठव्या दिवसाचा. म्हणून रविवारी, एकोणिसाव्या दिवशी, मी पुन्हा ठाण्यास गेलो. या वेळी खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यांतली एक रिकामी होती, रेशमी वस्त्र घातलेली. ती एलिया संदेष्ट्याची. बेने इस्राएलांची या एलियावर विशेष भक्ती आहे, आणि तो प्रत्येक सुंतेला हजर असतो असा यहुद्यांचा विश्वास. बाळाला क्षणभर तिच्यावर ठेवून मग आजोबांच्या मांडीवर घेतले. मोहेल स्वतः डॉक्टर होता. काम पुरे मिनिटभरही चालले नाही. बाळ ओरडले, द्राक्षरसात भिजवलेला बोळा ओठाला लागताच गप्प झाले, आणि नाव पुकारले गेले ते पणजोबांचे.

वृद्ध मातोश्री मलिद्याचे ताट घेऊन आल्या. गोड पोह्यांत खोबरे आणि फळे. माझ्या हातावर मूठभर ठेवीत त्या म्हणाल्या, "एकोणीस मोजले हो, पण नीट मोजले."